जिन्यातला दिवा

आमच्या मुलीचं पहिलं पुस्तक बाजारात आलं आणि आमच्या दुकानातले झिरोचे बल्ब संपले.

फुशारकी नाही मारत, खरं सांगते. दुकान विजेच्या सामानाचं. गल्ल्यावर मी बसते आणि आमचे हे वायरमन, त्यामुळे खांद्याला पिशवी अडकवून दिवसभर लोकांच्या घरी. मुलगी मात्र लेखिका निघाली. शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींसाठी कादंबऱ्या लिहिते. कादंबऱ्या कसल्या, धुकं, ओल आलेल्या भिंती, ओसाड पडलेलं वसतिगृह, आणि रात्री कुणीतरी हळूच दार लोटतंय. घरात झुरळ दिसलं की हीच बाई टेबलावर चढून किंचाळते, ते वाचकांना माहीत नसतं.

पुस्तक कसं झालंय ते आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी गल्ल्यावर कळायचं. समोरच्या इमारतीतल्या एक बाई तणतणत आल्या.

"तुमच्याच मुलीचं ना हो ते पुस्तक? आमची कार्टी रोज माझ्या अंथरुणात येऊन झोपतेय. एवढी मोठी घोडी!"

मी म्हटलं, "आवडलेलं दिसत नाही तिला."

"आवडलं नाही? दुसऱ्यांदा वाचतेय!" असं म्हणून त्या दोन झिरोचे बल्ब घेऊन गेल्या.

एका गृहस्थांचा मुलगा रात्री बाथरूमला जाताना धाकट्या बहिणीला पहाऱ्याला नेऊ लागला होता, आणि बहीण दर फेरीला एक चॉकलेट वसूल करत होती. एका पोरानं इंटरनेटवर लिहिलं होतं, "मी पलंगाखाली वाकून बघणं सोडून दिलंय. जो कोण असेल तो असो." असलं काही आलं की लेखिकाबाई जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वाचकाची बोबडी जितकी वळलेली, तितकी हिला भूक जास्त.

हे मात्र खाली मान घालून जेवत राहायचे.

प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत ती यांच्याच हातात ठेवायची. "बाबा, वाचा हं." आणि हे म्हणायचे, "हो, हो, वेळ मिळाला की." तो वेळ काही मिळाला नाही. वर्तमानपत्रातल्या टेंडरच्या जाहिरातीसुद्धा वाचणारा हा माणूस, पण मुलीचं पुस्तक कपाटात. तिसऱ्या पुस्तकानंतर एकदा ती स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बाबांना माझं लिहिणं फालतू वाटतं का गं?"

"छे गं, काहीतरीच," मी म्हटलं. पण पटेल असं कारण मला देता आलं नाही. मला आपला तो आळस वाटत होता.

आता इथे एक घरातली गोष्ट सांगते. आमच्या यांना अंधाराची भीती वाटते. वायरमनला! उशीखाली टॉर्च असते. घरातला फ्यूज उडाला की आधी मला हाक, मग पक्कड. लग्न झालं तेव्हाच मला शपथ घातली होती की हे कुणाला सांगायचं नाही, आणि मुलगी झाल्यावर तिच्यापुरती ती शपथ पुन्हा घातली. कामाला म्हणून एखाद्या अंधाऱ्या जिन्यात शिरायची वेळ आली की हे मोठमोठ्यानं गाणं म्हणत चढतात. ठरलेलं एकच गाणं, आणि तेही बेसूर. लोक म्हणतात, वायरमन मोठा आनंदी माणूस. मुलगीही लहानपणापासून तेच समजत आली. पण या भीतीचा पुस्तकाशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. छापलेल्या कागदाला कोण घाबरतं?

सगळं बिघडलं ते सलूनवाल्यामुळे. हे दाढी करायला बसले होते आणि त्यानं चारचौघांत टोमणा मारला, "काय हो, मुलगी वायरमनची आणि पुस्तकात एक दिवा धड लागत नाही!" अख्खं सलून हसलं. यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. आल्या आल्या मुलीला म्हणाले, "चौथं लिहितेयस ना? छापायच्या आधी मला दे. बघतो."

तिला आभाळ ठेंगणं झालं. त्याच संध्याकाळी तिनं सगळी पानं काढून, टाचून यांच्या हातात दिली.

हे वाचायचे ते भर दुपारी, गच्चीवर, रणरणत्या उन्हात. कानावर पेन्सिल. मी म्हटलं, "अहो, घरात पंखा आहे की!" तर म्हणे गच्चीवर एकाग्रता होते. पेन्सिलीनं समासात काय काय लिहिलं होतं, ते मी पाहिलंय. "दिवा फडफडला म्हणजे होल्डर सैल आहे. बदलावा." "फ्यूज उडाला तर अख्खा मजला जाईल. एकच खोली कशी अंधारात?" आणि सर्वांत ठळक, दोनदा अधोरेखित, "एवढा मोठा जिना आणि टू-वे स्विच नाही? खालून लावायचा, वरून बंद करायचा. वसतिगृहाच्या बाईंनी वायरमनला बोलवावं."

आणि तिनं बोलावला! पाचव्या प्रकरणात वायरमन आला. नंतर जिथे म्हणून दिवा गेला तिथे तो पिशवी घेऊन हजर. जिन्यात टू-वे स्विच बसला. मी तिला म्हटलं, "अगं बाई, भुताच्या तोंडासमोर ट्यूब लावलीस तर त्या बिचाऱ्यानं करायचं काय?"

"आई, बाबांनी शेवटपर्यंत वाचलं," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला होता की मी मूग गिळून गप्प बसले.

चौथं पुस्तक आलं. मी झिरोच्या बल्बांचं खोकं हाताशी काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. समोरच्या बाई आल्या त्या हसत. "या वेळी कसं छान झालंय हो पुस्तक! मुलगी वाचता वाचता झोपली." इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं, "वाचताना खूप सुरक्षित वाटलं." कुणी, "मी भुताची वाट बघत होतो, प्रत्येक वेळी वायरमनच आला." आणि एका पोरानं, "पुस्तक संपताच वडिलांच्या मागे लागून आमच्या घरचं अर्थिंग तपासून घेतलं. धन्यवाद."

यांची छाती फुगली. "बघ, लोकांच्या उपयोगी पडलं!" म्हणत जेवताना आता हे वाचून दाखवू लागले, आणि मुलगी खाली मान घालून जेवू लागली.

मग एका दुपारी ती दुकानात माझ्याजवळ स्टुलावर येऊन बसली. प्रकाशकाचा फोन आला होता. पुढचं पुस्तक पूर्वीसारखं हवं, नाहीतर नको.

"मग लिही की पूर्वीसारखं," मी म्हटलं. "तुला कुणी अडवलंय?"

"पूर्वीसारखं लिहिलं तर बाबा परत वाचणार नाहीत." तिनं एक बल्ब हातात घेतला आणि उगाच फिरवत राहिली. "एवढ्या वर्षांत त्यांनी माझं एवढं एकच वाचलंय, आई."

मला इतकं वाईट वाटलं, आणि यांचा इतका राग आला, की आलेल्या गिऱ्हाइकाला मी मागितलेल्या होल्डरऐवजी पिना दिल्या. एकीकडे हिचे वाचक, दुसरीकडे बाप. आणि बापाला पत्ताच नाही.

पुढच्या आठवड्यात वाचनालयात तिच्या वाचकांचा मेळावा होता. सकाळची वेळ. ठेवणीतले कपडे घालून आम्ही दोघं मागच्या रांगेत जाऊन बसलो. खुर्च्या पोरापोरींनी भरलेल्या. मुलगी पुढे टेबलाशी. कौतुकाचे चार शब्द झाले आणि मधल्या रांगेतून एक चष्मेवाली मुलगी उठली. शाळकरीच होती. चारही पुस्तकं छातीशी धरलेली.

"ताई," ती म्हणाली, "पहिल्या तीन पुस्तकांनी माझा जीव घेतला. चौथं वाचताना मला जांभया आल्या. जिन्यात दिवा कुणी लावला?"

हशा पिकला. मुलीनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"मीच," ती म्हणाली. "म्हटलं, थोडा उजेड असू द्यावा."

"नको होता," चष्मेवाली म्हणाली. आता ती चेष्टा करत नव्हती. "मी फार भित्री आहे. वर्गात सगळे चिडवतात. तुमच्या पुस्तकातल्या अंधारातून मी एकटी शेवटपर्यंत गेले की मला वाटायचं, जमलं आपल्याला. या वेळी तुम्ही मला हाताला धरून नेलंत."

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. पाहते तर हे उभे! मी बाही ओढली, पण बसायचं नाव नाही.

"दिवा मी लावला," हे म्हणाले.

सगळ्या माना मागे वळल्या.

"मी हिचा बाप. वायरमन आहे. पहिलं पुस्तक आलं तेव्हा उघडलं होतं मी. पहिल्याच प्रकरणात ती पोरगी जिन्यापाशी येते. आता जिन्यात दिवा नव्हता. मी वर कसा जाणार?"

कुणीतरी खुदकन हसलं. हे थांबले नाहीत.

"दुसऱ्या पुस्तकात तेच. तिसऱ्यात तर जिना आणि शिवाय तळघर. मिटून ठेवलं. मला अंधाराची भीती वाटते, लहानपणापासून. मुलीला कसं सांगणार? म्हणून म्हणायचो, वेळ नाही. चौथं छापायच्या आधीच हाती आलं, तेव्हा म्हटलं, दिवे लावत लावत जाऊ, म्हणजे शेवटपर्यंत पोचू." मग हे मुलीकडे बघून म्हणाले, "पुस्तक तुझं होतं, हे ध्यानातच राहिलं नाही बघ."

मी खाली बघत होते, कारण माझे डोळे भरून आले होते.

मुलगी टेबलामागून म्हणाली, "बाबा, मग जिन्यातलं ते गाणं?"

"मग काय, हौस म्हणून म्हणतो?"

त्यावर जो हशा उठला त्यात मुलगीही हसत होती, आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसत होती. इतकी वर्षं जिचे वाचक घाबरले म्हणून जिला भूक लागायची, तिचा सर्वांत जास्त घाबरलेला वाचक घरातच जेवायला बसत होता. चष्मेवाली चष्मा सावरून यांच्याकडे आदरानं बघत राहिली.

"काका, तुम्ही पहिल्याच प्रकरणात घाबरलात? मला तिसऱ्यापर्यंत काही वाटलं नव्हतं." आणि मग बोट रोखून, "पण पुढच्या पुस्तकाला हात लावायचा नाही."

"कानाला खडा," हे म्हणाले आणि खाली बसले.

पाचवं पुस्तक नुकतंच लिहून झालंय. मी झिरोचे बल्ब आधीच जादा मागवून ठेवलेत. यांनी शब्द पाळला, पेन्सिलीला हात लावला नाही. फक्त एक अट घातली. एकट्यानं वाचणार नाही, तिनं वाचून दाखवायचं.

म्हणून काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दुकानाचं शटर अर्धं ओढून ती वाचायला बसली. हे समोर स्टुलावर. मी गल्ला पुसत होते, म्हणजे कान तिकडेच होते. धुकं आलं, भिंतींना ओल आली, आणि गोष्टीतली मुलगी जिन्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

हे गुणगुणायला लागले. तेच गाणं, अगदी बारीक आवाजात.

मुलगी वाचायची थांबली. "बाबा, पुरे करू का?"

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी माझा हात आपसूक भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," हे माझ्याकडे न बघताच म्हणाले. स्टूल ओढून तिच्या अगदी जवळ सरकले आणि तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. "पुढे वाच तू. जिन्यातला दिवा बंदच ठेव. मी येतो तुझ्या मागून."

ती वाचू लागली, आणि हे जरा मोठ्यानं गुणगुणू लागले.