पिवळ्या जर्सीतला लेफ्ट बॅक

मॅच चालू असताना शेजारी कोणी बडबड केलेली चंदूला चालत नसे. "ज्याला डोळे हायत त्यानं बघावं," म्हणायचा. परळच्या फुटबॉलच्या मैदानावर आम्ही दोघे तरुणपणापासून कॉर्नरच्या झेंड्यापाशी बसत आलो. तो माहीमच्या कोळीवाड्यातून यायचा, मी घोडपदेवहून. खेळ चालू असताना एकमेकांना काही सांगायचं नाही, हा आमचा कायदा. गोल झाला तर ओरडायचं. बाकीचं भांडण हाफटाइमला.

चंदूचे डोळे काचबिंदूने चालले होते. काळोख कडेकडेने आत येत होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकते ते बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. चंदूला त्यातून एकच कळलं. नातवाला मोठ्या टीममधून खेळताना एकदा बघायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. नातू हितेश आमच्याच क्लबचा लेफ्ट बॅक, डाव्या कडेचा बचाव त्याच्याकडे. मार्चातल्या एका रविवारी त्याची पहिली मॅच ठरली होती. चंदूची बायको रखमा मासळी बाजारात बसते, रविवार कधी सोडत नाही; तिनेही त्या दिवशी बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात कोरोनामुळे सगळं बंद झालं.

सुरुवातीला फोनवर चंदूची नि माझी चेष्टा चालायची.

"तातू, पंधरा दिवसांत शिटी वाजते बघ."

"रेफरीनं मास्क लावल्यावर शिटी कुठनं वाजवणार रे?"

"नाकातनं."

मग चेष्टा आटली. एकदा भाजीला म्हणून बाहेर पडलो आणि मैदानापर्यंत चालत गेलो. गेटला कुलूप, गोलपोस्टच्या तोंडात गुडघाभर गवत. ते मी त्याला सांगितलं नाही. टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस सुरू झाल्या, रिकाम्या खुर्च्यांसमोर. त्या तरी बघ म्हटलं, तर म्हणाला, "त्यांचा कॅमेरा बॉलच्या मागं पळतो. लेफ्ट बॅक कुठं उभा हाय ते कोण दाखवतो?" डोळ्यांत घालायचे थेंब मध्येच मिळेनासे झाले. दवाखान्यात जायची सोय राहिली नाही. गणपतीत तो जिन्यावर पाय चुकून पडला. दिवाळीत रखमाने मला फोनवर सांगितलं, "भाऊजी, ह्यांना ताटातलं अर्धंच दिसतं. अर्धं जेवतात आणि उठतात. मग मी ताट फिरवते, तवा म्हणतात, अगो, मासा पण केलास काय?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

फेब्रुवारीत सामने सुरू झाले, पण बघणाऱ्यांना आत सोडत नव्हते. आमच्या ओळखीचा हेरंब मैदानाला लागून असलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या गॅलरीतून अख्खं ग्राउंड दिसतं. तो म्हणाला, दोघंच या, आणि मास्क काढू नका, घरात आई आहे.

टॅक्सीत चंदूने मूठ पोकळ करून डोळ्याला लावली. "एवढंच उरलंय बघ. पण पुरे. पिवळी जर्सी शोधायची, कडेचा पोरगा शोधायचा, नि त्याला सोडायचं नाय." आमचा क्लब आम्ही पोरं होतो तेव्हापासून पिवळ्यात खेळत आला.

टीम बाहेर आल्या. पिवळे कपडे समोरच्या टीमचे होते. आमची पोरं लाल घालून आली होती. बंदच्या काळात क्लबला कोणी नवा देणगीदार मिळाला होता, त्याने दिलेल्या जर्सी त्याच सकाळी मैदानावर वाटल्या. हितेश लाल जर्सीत, बरोबर आमच्या खाली, चुन्याच्या रेघेवर उभा होता.

"आले आपले पिवळे!" चंदू कठड्याला पोट लावून ओरडला. मान इकडे तिकडे फिरवत राहिला, आणि पलीकडच्या कडेला थांबला. "सापडला! तातू, हितेश सापडला रे मला!"

"चंदू, जरा ऐक..."

"ए, गप! मॅच चालू हाय."

हेरंबने माझ्याकडे बघितलं. मी चंदूकडे बघितलं. त्याचा मास्क हनुवटीवर आला होता आणि तो हसत होता. मी तो मास्क नुसता वर चढवला.

तो एका उंच, काटक पोराच्या मागे लागला होता. "घाई नको! येऊ दे त्याला अंगावर... शाब्बास!" पोरगा खेळत चांगला होता, हे खरंच. आणि इथे खाली हितेश धडपडत होता. इतक्या महिन्यांनी पाय मोकळे होत नव्हते.

दुसऱ्या हाफमध्ये पिवळ्यांच्या एकाने हितेशला चकवलं, हितेश घसरून पडला, आणि गोल झाला.

चंदूने अशी आरोळी ठोकली की चाळीतली माणसं बाहेर आली. ग्राउंडवर दुसरा आवाजच नव्हता. गवतावर पडलेल्या हितेशने मान वर केली. तो आवाज त्याने लहानपणापासून ऐकलेला. आजा हात वर करून नाचत होता.

आम्ही तोच एक गोल खाऊन हरलो. हितेश जिना चढून दारात आला.

"कोण?" चंदूने विचारलं.

"आजा, मी."

चंदूने डोकं हलवत हलवत त्याला नजरेत धरलं. पुढे होऊन छातीवरचं कापड चिमटीत पकडलं.

"ही लाल कोणाची घातलीस?"

"आपलीच. आज सकाळी नवीन दिल्या."

हेरंबच्या आईने आतून चहा विचारला.

"मग मी बघितला तो कोण?"

"त्यांचा लेफ्ट बॅक," हितेश म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "चांगला खेळतो तो, आजा."

पुढच्या मॅचला लाल शोध, असं मी टॅक्सीत म्हणालो. एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. गेट खरोखर उघडलं, लोक आत बसायला लागले, तोवर त्याची नजर संपली होती.

आता मी एकटाच जातो. हितेश पक्का झालाय टीममध्ये, बऱ्यापैकी नाव आहे त्याचं. मॅच संपली की चंदूला फोन करतो. तो स्कोअर विचारत नाही.

"लागलं नाय ना त्याला?"

"नाही."

"बरं. ठेव मग."