रेघेतली फट

मित्रांनो, मी एक जुना मातीचा कुंडा आहे. पण मला बघायला याल तर नवा कोरा दिसेन. थापा मारत नाही, ऐका तर खरं.

न्यू मेक्सिकोतल्या आमच्या खडकावरच्या गावात सेफेरिनाने मला पावाची कणिक मळायला घडवलं. मातीत तिने जुन्या, फुटक्या कुंड्याचं कूट मिसळलं, म्हणजे भाजताना तडा जात नाही. मग युक्का नावाच्या झुडपाचं पान चघळून केलेल्या कुंचल्याने माझ्या काठाखाली गोल फिरवून काळी रेघ ओढली. आमच्यात या रेघेची टोकं जोडत नाहीत. कुंड्याच्या जिवाला ये-जा करायला फट ठेवतात. पण सेफेरिना बहिणीशी गप्पा मारता मारता रेघ जोडून मोकळी झाली.

"झालं," बहीण इनेझ म्हणाली. "आता याचा जीव कुठून बाहेर पडायचा? तुझ्या तोंडातून? ते तर उघडंच असतं."

सेफेरिनाने हसत हसत ओल्या अंगठ्याने रेघ एका जागी पुसली. तिथे करडा डाग राहिला. गोवऱ्यांच्या आगीतून मी तो डाग मिरवतच बाहेर आलो.

मग काय मजेचे दिवस होते! सण आला की माझ्यात कणिक टम्म फुगायची. अंगणातल्या भट्टीतून पाव निघायचे आणि दारात येईल त्याला लाल मिरचीच्या कालवणाबरोबर मिळायचे. पाहुणे माझी नक्षी वाखाणायचे. मला मात्र कणकेत कोपरापर्यंत बुडालेले हात आवडायचे.

बऱ्याच वर्षांनी एकदा धुताना मी सेफेरिनाच्या लेकीच्या, रोझेंडाच्या हातून निसटलो आणि फुटलो. ती रडायलाच लागली.

"आई, मी याला चिकटवून फळीवर ठेवते. निदान डोळ्यांसमोर तरी राहील."

फळीवर ना कणिक, ना हात. मी तिथे काय करणार?

"आणि तो घरजावयासारखा नुसता बसून राहील," म्हाताऱ्या सेफेरिनाने तिला सुनावलं. "पाटा आण."

रोझेंडाने डोळे पुसत माझे तुकडे पाट्यावर वाटले, चाळले, नव्या मातीत मिसळले. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. नव्या कुंड्यावर तिने रेघ ओढली आणि मुद्दाम पुरती जोडली.

"अगं, फट?" सेफेरिना म्हणाली.

रोझेंडाने अंगठा ओला करून रेघ एका जागी पुसली. तिथे तसाच करडा डाग उमटला. सेफेरिना कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.

मित्रांनो, घरातली भांडी जपा, पण वापरून जपा. बरं, आता पुरे. सण उद्यावर आलाय आणि रोझेंडा बाह्या सरसावून माझ्याकडेच येते आहे.