खोक्यात काय काय मिळणार

माझा नवरा भविष्य सांगतो. माणसांचं नाही, खोक्यांचं. नवा गेम कन्सोल बाजारात यायचा असला की तो केवढ्याला पडेल आणि खोक्यात सोबत काय काय मिळेल, हे तो कितीतरी आधी स्वतःच्या चॅनेलवर ठणकावून सांगतो. घरात आम्ही त्याला भाकीतराव म्हणतो. मागच्या खेपेला भाकीतरावांची किंमत इतकी हुकली की बघणाऱ्यांनी त्याची सालटी काढली. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आणि मी? मी त्याच खोक्यांच्या पोटातले ट्रे करते. वस्तू हलू नये म्हणून खोक्यात कागदाच्या लगद्याचा करडा ट्रे असतो ना, प्रत्येक वस्तूला आपापली खाच असलेला, त्याचे नमुने माझ्या हातून जातात. यंदा नेमका तोच कन्सोल आमच्या कारखान्यात आला. त्यामुळे खोक्यात काय येणार हे मला तोंडपाठ होतं. कन्सोल, एक कंट्रोलर, एक वायर. बस्स. दुसरा कंट्रोलर नाही, चार्जर नाही. किंमत तेवढी मलाही ठाऊक नव्हती.

बाहेर एक शब्द बोलायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. नवरा हासुद्धा बाहेरचाच, हेही हसत हसत सांगून टाकलं होतं. भाकीतराव मात्र रोज जेवताना सुरू.

"यंदा दोन कंट्रोलर देणार बघ. चार्जिंगचा स्टँडपण. आणि सगळं पन्नास हजारांच्या आत. लिहून घे."

"घेतलं. जेव आता."

"तुझ्या कारखान्यात काहीच कसं कानावर येत नाही गं?"

"येतं ना. मशीनची घरघर."

सासूबाई खुदकन हसायच्या. मीही हसायचे. हा माणूस पुन्हा चारचौघांत तोंडावर आपटणार, हे मला समोर दिसत होतं आणि मी त्याला भाजी वाढत होते. मला त्याची फार दया यायची. ती दया कुठे ठेवू असं झालं होतं.

मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत गेल्यावर स्वतः उठून दार लावलं. साहेब कधी दार लावत नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

पडद्यावर आमची बैठकीची खोली होती. भाकीतराव खुर्चीत बसून हातवारे करत होते, "दोन कंट्रोलर, माझ्याकडून लिहून घ्या!" आणि त्याच्या मागे फळीवर, भिंतीला टेकून उभा, नव्या कन्सोलचा ट्रे.

साहेबांनी चित्र मोठं केलं. कन्सोलची चौकोनी खाच, कंट्रोलरची दोन शिंगांची खाच, वायरीचा नागमोडी मार्ग. रंग जरा काळपट दिसत होता, पण मला वाटलं कॅमेऱ्याचा दोष असेल. वायरीच्या वळणावर लगद्याचा एक फुगवटा होता. त्या फुगवट्यापायीच मी तो नमुना नापास केला होता. जगात तसा दुसरा ट्रे नव्हता.

"बघणाऱ्यांनी खाली लिहिलंय, मागे बघा, मागे बघा," साहेब म्हणाले. "त्यांनी खाचा मोजल्या, ताई. दोन दिवसांत हे चित्र कुठे कुठे गेलंय. एकच कंट्रोलर ही गोष्ट आणि किंमत, दोन्ही एकदम जाहीर करायच्या होत्या कन्सोलवाल्या कंपनीला. किंमत उतरवून लोकांची तोंडं बंद करायची होती. आता किंमत ऐकायच्या आधीच लोक शिव्या घालतायत. आणि कंपनी मला विचारतेय, हा ट्रे बाहेर गेला कसा?"

मग एकदम डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे जुन्या मालाचे नापास ट्रे फाटकाजवळ रचून ठेवतात, हवे त्याने घरी न्यावेत. कारखान्यातल्या कुणाच्याही घरी जा, अंडी मोबाइलच्या खाचेत आणि कांदे मिक्सरच्या खाचेत बसलेले सापडतील. मीही सासूबाईंना थप्पी नेऊन देते. नव्या मालाचे नमुने मात्र लगेच हौदात टाकून त्यांचा परत लगदा करायचा, असा कडक नियम. पण ट्रे एकात एक घट्ट बसतात. एखादा वरच्याच्या पोटाला चिकटून आला तर कळतही नाही.

"थप्पीतून आला, साहेब. शपथेवर सांगते, मला पत्ता नव्हता."

"तुमच्यावर विश्वास आहे. घरच्यांचं काय? चुकून गेला असेल तर मी निभावून नेईन. पण कुणी जाणूनबुजून दाखवला असेल, तर तुमची नोकरी गेली. आणि मी तुमच्यासाठी शब्द टाकला असेल, तर माझीही."

"तो भोळा आहे हो, साहेब. बघा ना, मागे एक दिसतोय आणि हा वेडा तोंडाने दोन सांगतोय. कळलं असतं तर असं बोलला असता का? त्याची हमी मी देते."

साहेबांनी पुन्हा एकदा व्हिडिओ बघितला आणि मान हलवली. त्यांना पटलं. "घरी जाऊन आधी ट्रे ताब्यात घ्या. मी संध्याकाळी फोन करतो, मग वर कळवतो."

घरी आले तर भाकीतराव सोफ्यावर, मोबाइलवर वाढत चाललेले बघणारे मोजत. चेहरा असा फुललेला की लग्नातही नव्हता. मी आधी फळी गाठली. ट्रे नव्हता. कपाटावरची थप्पी उपसली. तिथेही नव्हता.

"आई, फळीवर एक ट्रे होता, दोन शिंगांच्या खाचेचा. कुठे गेला?"

"फळीवर कशाला असेल?" गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला. "माझ्या रोपांचा आहे तो. तू आणलास तेव्हापासून माती भरून ठेवलाय इथे."

मी गॅलरीत गेले. कोपऱ्यात तो खरंच होता, काठोकाठ माती आणि त्यात रोपं. रोज कपडे वाळत घालताना मी त्याच्यावरूनच हात लांब करायचे. पण माती भरलेल्या ट्रेची खाच कोण बघतं? रोपांनी माना टाकल्या होत्या.

"हे बघ काय करून ठेवलंय मांजराने," सासूबाई कुरकुरल्या. "परवा मी देवळात गेले तेवढ्यात सगळी उपटली. शिंगांत मी मिरची लावली होती, आता तिथे टोमॅटो. आणि मिरची तिकडे, वायरीबियरीच्या खाचेत."

मांजर रोपं उपटतं. परत लावत नाही. लावून वर माती दाबत तर नाहीच नाही.

मी तशीच उभी राहिले. काळपट रंग कॅमेऱ्याचा नव्हता. तो ओल्या मातीचा होता. कुणीतरी ट्रे रिकामा केला, पुसला, फळीवर उभा केला, त्याच्यापुढे बसून मोठ्या निरागसपणे दोन कंट्रोलर म्हणून सांगितलं, आणि काम झाल्यावर रोपं खोचून ठेवली. 

ट्रे उचलून मी बाहेर आले आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. माती सांडली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी तोंडातून चकार शब्द काढलेला नाही," तो म्हणाला. "तुझं नाव कुठे आलं का? लोकांनीच ओळखलं. माझा काय संबंध?"

"तू कधी ओळखलास?"

"आई माती भरत होती तेव्हाच." मग जरा थांबून म्हणाला, "तू माझ्यासमोर बसून जेवायचीस. मी चुकतोय हे तुला माहीत होतं. लोक मला हसणार हेही. एकदा तरी थांबवायचंस."

हे मात्र मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. पण त्याने ज्या हातांनी रोपं उपटली, त्याच हातांनी मी दिलेली हमीपण उपटली होती, आणि हे त्याला अजून कळलंही नव्हतं.

फोन वाजला. हात मातीचे होते, म्हणून स्पीकर लावला. साहेब.

"ट्रे मिळाला ना, ताई? घरात कुणाला कल्पना नव्हती, असंच कळवू ना वर? माझ्या नावाने जाणार आहे, म्हणून विचारतो."

समोर भाकीतराव जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. हात जोडले त्याने. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही तुमचं नाव घालू नका. मी हमी मागे घेते."

गॅलरीत सासूबाई अजून मांजराच्या नावाने खडे फोडत होत्या.