उलट्या प्रश्नांचे गुण

मानसशास्त्र विभागाचा मार्गदर्शन मेळावा म्हटला की काकूच्या अंगात विशीतलं वारं शिरायचं. काकू म्हणजे कोणाची सख्खी काकू नव्हे. वर्गात असताना पर्समध्ये सेफ्टी पिना, सुईदोरा, पोटदुखीच्या गोळ्या असा अख्खा संसार घेऊन फिरायची, म्हणून एकोणिसाव्या वर्षी तिच्या गळ्यात हे नाव पडलं ते पडलंच. आता बावन्नाव्या वर्षी ते शोभायला लागलं होतं, एवढाच काय तो फरक.

यंदा विभागाने माजी विद्यार्थ्यांना एकेक टेबल दिलं होतं. काकूच्या टेबलावर पाटी होती ‘शालेय समुपदेशन’. अठ्ठावीस वर्षं ती शाळेतल्या पोरांची रडणी-रुसणी ऐकत आली होती. शेजारी ‘औद्योगिक मानसशास्त्र’, आणि त्या पाटीमागे शिडी. शिडी उभी राहिली की तिचं नाव कुठून आलं हे विचारायची गरज पडत नसे. यंत्रावरचं कुठलं बटण कुठे असावं म्हणजे कामगाराचा हात चुकणार नाही, हे ती मोठमोठ्या कारखान्यांना शिकवायची. दोघींची मैत्री नवऱ्यांच्या आणि मुलांच्याही आधीची.

“अगं, तो मेंदू बघ!” शिडी ओरडली. कपाटात मेंदूची तीच जुनी प्लास्टरची प्रतिकृती होती. तिचा छोटा मेंदू कोणीतरी पाडून फोडला होता आणि च्युइंगगमने चिकटवला होता. तो अजून निघाला नव्हता. हॉलच्या खिडक्या अजून तशाच अर्ध्या उघडायच्या, मागच्या बाकांवर तेव्हाची कोरलेली अक्षरं होती, आणि चहा तेव्हासारखाच पांचट होता. काकूने तो दोनदा मागून घेतला. किती सुखाचे दिवस होते ते! परीक्षेचं भय, सरांचा धाक, आणि तरी रोज सकाळी इथे यायची घाई.

सर म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. त्यांचा आकड्यांवर भारी विश्वास. त्यांच्या काळात मेळाव्याच्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांना चाळीस प्रश्नांची चाचणी सोडवावी लागे. पेपर शेजारणीने तपासायचा, दुपारी सर आकडा बघून सल्ला देणार, आणि संध्याकाळपर्यंत शाखेचा फॉर्म भरायचा. समुपदेशनाला जागा फक्त बारा, आणि गुण किमान दीडशे लागत.

चाचणीत दहा प्रश्न उलटे असत. ‘दुसऱ्याचं दुःख ऐकून मला कंटाळा येतो’ अशा धर्तीचे. त्यांचे गुण फिरवून धरायचे. ‘अजिबात नाही’ला एक नव्हे, पाच.

शिडीचा पेपर काकूने तपासला होता. घाईत तिने ते दहा प्रश्न सरळच धरले. एकशे त्रेचाळीस. दीडशेच्या खाली. सर म्हणाले, माणसांसमोर बसणं हे तुझं काम नव्हे. शिडी जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली आणि काकूने तिला आपला रुमाल दिला. तिसऱ्या दिवशी पेपरांचे गठ्ठे बांधताना काकूला चूक दिसली. धावत सरांच्या खोलीपर्यंत गेलीसुद्धा. पण दारालगतच्या फळ्यावर निवड झालेल्यांची यादी लागली होती, आणि बारावं नाव काकूचं होतं. ती मागे फिरली. मागे फिरली ते आजपर्यंत.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं मैत्री कशी केली? केली. जीव लावून केली. शिडीच्या दोन्ही बाळंतपणांत धावून जाणारी हीच होती. माणसं अशीही असतात.

दुपारी एक मुलगी शिडीच्या टेबलापाशी आली. हातात चाचणीच्या गुणांचा, संगणकाने छापून दिलेला कागद होता.

“मॅडम, मला समुपदेशनात जायचं होतं. पण माझे गुण कमी आलेत. मग तुमच्याकडे येऊ का?”

“ये की!” शिडी हसली. “अगं, माझंही असंच झालं. दोन दिवस रडले, मग डोळे पुसले आणि कामाला लागले. आकडा सांगतोय ना, मग ऐकावं. मनाचे लाड करू नयेत.”

मुलीने मान डोलावली आणि पिशवीतून शाखेचा फॉर्म काढला. काकूला ती मान ओळखीची वाटली. तीस वर्षांपूर्वी अशीच एक मान तिने डोलताना पाहिली होती आणि पुढे चूक कळूनही तोंडाला कुलूप लावलं होतं. आता बोलावं तर आयुष्यभराची मैत्रीण जाणार. न बोलावं तर ही पोर जाणार.

“थांब,” काकू म्हणाली. “फॉर्म भरू नकोस.”

“काय गं?” शिडी म्हणाली.

“तुझा पेपर मी चुकीचा तपासला होता.” काकूचा आवाज तिलाच परका वाटला. “उलटे प्रश्न फिरवलेच नाहीत मी. तिसऱ्या दिवशी कळलं मला. पण यादीत बारावी मी होते. तू आत आली असतीस तर मी बाहेर गेले असते. म्हणून गप्प बसले.”

शिडी आधी हसली. काकूची थट्टा करायची सवय तिला ठाऊक होती. मग काकूचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. मुलगी फॉर्म हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली.

“किती झाले असते?” शिडीने विचारलं.

“एकशे एक्क्याऐंशी.”

“म्हणजे?”

“वर्गात पहिली होतीस तू.”

शिडीने समोरचा कप बाजूला सरकवला. ओरडली असती, कप फेकून मारला असता, तर काकूला बरं वाटलं असतं. माफी मागायला तिने तोंड उघडलं, तेव्हा शिडीने तिच्याकडे न बघता हात वर करून तिला थांबवलं.

मग तिने मुलीसाठी खुर्ची ओढली. “बस,” ती म्हणाली. “तो कागद राहू दे बाजूला. तुला हे का करायचं होतं, ते सांग मला.”

मुलगी अडखळत बोलू लागली. घरी आजारी असलेल्या भावाबद्दल, त्याच्याशी घरात कोणीच बोलत नाही त्याबद्दल. मध्येच रडू आलं आणि ती थांबली. शिडीने घाई केली नाही, धीर दिला नाही, पाणीसुद्धा पुढे केलं नाही. नुसती थांबली. मग मुलगी आपणहून पुढे बोलली, आणि बहुधा कोणालाच न सांगितलेलं असं काही बोलली.

काकू शेजारच्या टेबलावरून बघत होती. अठ्ठावीस वर्षांत एकाही मुलासमोर तिला असं थांबता आलं नव्हतं.