खिडकीतला पत्रा

नीलमने माउसचं उजवं बटण दाबलं, वेबसाइटच्या पानाचं पोट उघडलं आणि आतली फॉन्टची फाइल शोधायला लागली. कोट कितीही नीट शिवलेला असला तरी अस्तर उसवता येतं, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. दोन मिनिटांत फाइल सापडली. तिचं नाव ‘हरिबा’ असंच होतं. तिसऱ्या मिनिटाला ती नीलमच्या कॉम्प्युटरवर उतरलीसुद्धा.

पान साधंच होतं. वर पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली त्याच्या हाताच्या वळणातच लिहिलेलं: ही केडगावच्या हरिबा पेंटरांची अक्षरं. त्यांच्या नातीने, गौतमीने, भिंती आणि पाट्यांचे फोटो जमवून बनवलेली. बघायला, वाचायला मोकळी आहेत. कामासाठी हवी असतील तर आबांना एक फोन करा. आबा नाही म्हणत नाहीत, पण विचारलेलं त्यांना आवडतं.

त्याखाली नंबर होता. तो नीलमला पाठ होता.

बारा वर्षांपूर्वी ती केडगावला हरिबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं अक्षरं शिकली होती. खडूच्या सुतळीने ओळ आखायची कशी, ब्रश कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव कसं घालायचं, सगळं. मग तिने शिरूरला एसटी डेपोच्या मागे गाळा घेतला, फ्लेक्सचं मशिन आणलं आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते भांडगावच्या शाळेचं. हरिबांनी पत्र्यावर रंगवलेली पाटी उतरवून तिथे तिचा फ्लेक्स लागला. काढलेला पत्रा ती टेंपोत टाकून घेऊन आली, कारण पत्रा कामाला येतो. हरिबा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून चौफुल्याहून जाताना केडगावचा फाटा आला की ती मान दुसरीकडे वळवते.

आता त्याच शाळेला पन्नास वर्षं होत होती. संस्थेचे अध्यक्ष शंकरराव फोनवर तोंडाने फटकळ आणि मनाने भाबडे.

“नीलमताई, तुमचा फ्लेक्स उन्हानं पार पांढरा पडला. आता पयल्यासारखी पाटी पायजे. अक्षरं हरिबाची, कापायची तुमच्या मशिनवर. म्हाताऱ्याला इच्यारलं न्हवं?”

“व्हय. बोलले मी त्यांच्याशी.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर तिने तो नंबर दाबलाही होता, नवव्या आकड्यापर्यंत. पुढे ‘आबा, मी नीलम’ म्हणायचं आणि त्यापुढे काय म्हणायचं, हे तिला सुचलं नाही. न विचारता घेणं तिला त्या क्षणी सोपं वाटलं.

तिने फाइल एका साइटवर चढवून तिचं रूपांतर करून घेतलं आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आता ती टाइप करायची अक्षरं राहिली नव्हती. नुसत्या रेषा होत्या, प्रत्येक वळणावर बारीक चौकोनी ठिपका, तो धरून हवं तिकडे ओढता येणारा. ‘ग’च्या काठीला खालून तिसऱ्या भागात किंचित फुगवटा होता. तिथे हरिबा श्वास घ्यायला थांबत. एरवी असा फुगवटा ती एका झटक्यात सपाट करते. आताही बोट डिलीटवर गेलं, पण तिने ते मागे घेतलं.

‘भांडगाव माध्यमिक’ एवढं भराभर जुळलं. अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्या माथ्यावरच्या रेघा एकमेकींवर चढतात. तशीच मशिनला दिली तर ते प्रत्येक जोडावर कापत जातं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून तिने सगळ्या रेघा मिळवून एक केल्या. मग ‘विद्यालय’ आलं आणि काम अडलं. फॉन्टमध्ये ‘द्य’ नव्हताच. पाय मोडलेला ‘द’ आणि त्याच्या शेजारी अंग चोरून उभा ‘य’, असं काहीतरी दिसत होतं.

ती परत पानावर गेली. अगदी तळाशी बारीक अक्षरांत गौतमीने लिहिलं होतं: आबांचा द्य अजून मिळालेला नाही. होत्या त्या पाट्या गेल्या. भांडगावच्या शाळेच्या पाटीवरचा द्य आपल्याला सगळ्यात चांगला साधला होता, असं ते म्हणतात. आता हात कापतो, पुन्हा काढता येत नाही. कुणाकडे त्या पाटीचा फोटो असेल तर कृपा करून कळवा.

नीलमने मान वर केली.

समोर, लेझर मशिनच्या मागच्या खिडकीत तो पत्रा होता. मशिन आणलं तेव्हा खिडकी बंद करायला तिने तोच ठोकला होता, आणि धुराचा नळ त्यातूनच बाहेर काढला होता. सहा वर्षांच्या काजळीखाली निळी अक्षरं अजून ओळखू येत होती. ती उठली, फडक्याने मधला भाग पुसला. ‘द्य’ वर आला, ‘द’च्या पोटातून ‘य’ असा अलगद निघालेला की दोन अक्षरं आहेत हे डोळ्यांना कळूच नये. तिने मोबाइलवर फोटो काढला. पुसताना आणि फोटो काढताना तिने उजव्या कोपऱ्याकडे, नळाकडे, पाहिलं नाही.

फोटो गौतमीला पाठवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग पाटी कुठे आहे, कशी आहे, हेही सांगावं लागलं असतं. नीलमने फोटोवरून ‘द्य’ गिरवून घेतला, बाकीच्या अक्षरांत मिळवला आणि मशिन चालू केलं. धूर नळातून बाहेर जायला लागला.

पाटी लावायच्या दिवशी ती भांडगावला पोचली तेव्हा शाळेच्या कमानीखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. सोनेरी अ‍ॅक्रिलिकची अक्षरं वेल्डरने केलेल्या लोखंडी चौकटीवर बसवून चौकट अजून जमिनीवरच उभी करून ठेवली होती. पहिल्या खुर्चीवर पांढरी टोपी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. टोपी दिसल्याबरोबर तिला टेंपो तसाच हायवेकडे वळवावासा वाटला.

“या नीलमताई,” शंकरराव हात पसरून पुढे आले. “म्हटलं, ज्याची अक्षरं त्यालाच नारळ फोडाया लावू. सकाळीच गाडी धाडली केडगावला. काय हरिबा, ही बोलली व्हती न्हवं तुमच्याशी अक्षरांचं?”

आता हा माणूस सगळ्यांसमोर ‘न्हाई’ म्हणेल आणि ते खरं असेल. तिने नजर खाली घातली. हरिबांच्या पायात जुन्याच चपला होत्या, अंगठ्यावर निळ्या रंगाचा ठिपका पडलेल्या.

“बोलली की,” हरिबा म्हणाले.

शंकरराव नारळ बघायला गेले. हरिबा उठले, चौकटीपाशी आले आणि कापऱ्या हाताने एकेक अक्षर चाचपत पुढे सरकले. नीलम त्यांच्या मागे उभी राहिली. माफी मागायला हीच वेळ होती. ‘द्य’वर त्यांचा हात थांबला.

“ह्यो कुठनं आणलास?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “गौतमी दोन वर्सं हुडकतीया ह्याला.”

“आबा, पाटी माझ्याकडं हाय.”

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. नुसता आनंद होता, हरवलेली शेळी दारात येऊन उभी राहावी तसा.

“शाबूत हाय?”

तिने मान हलवली. ‘होय’ म्हणून हलवली की नुसतीच हलली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हरिबांनी ‘होय’ असंच धरलं.

“मग दाव मला. आजच दाव. नारळ फुटला की निघू.”

चौफुल्यापासून शिरूरपर्यंतच्या रस्त्यावर हरिबा टेंपोत तिच्या शेजारी बसून बोलत होते. न्हावऱ्याच्या दूध डेअरीची पाटी आपली होती. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचीही. एका हार्डवेअरवाल्याने बहिणीचं नाव दुकानाला दिलं होतं, त्यात इतक्या वेलांट्या होत्या की वरची जागाच संपली. नीलम ‘व्हय’, ‘व्हय’ म्हणत होती. तिने मनाशी वाक्य जुळवत आणलं होतं: आबा, धूर जायला जागाच नव्हती, त्या वक्ताला दुसरा पत्रा मिळाला न्हाई. शिरूर येईपर्यंत ते वाक्य चांगलं घोटून झालं होतं. खरं म्हणजे त्या वेळी दुसरे तीन पत्रे गाळ्यातच पडून होते. हा मापात बसला, एवढंच.

गाळ्यात शिरल्यावर हरिबांना दाखवावं लागलं नाही. ते सरळ खिडकीकडे गेले. टोपी काढून त्यांनी त्या टोपीनेच अक्षरांवरची काजळी पुसायला सुरुवात केली. नीलमने फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. डावीकडून एकेक अक्षर उजळत गेलं. ‘भां’वर ते हसले. ‘द्य’वर थांबले आणि “हां,” एवढंच म्हणाले. मग पाटी संपली की जसा जायचा तसा त्यांचा हात आपोआप खाली उजव्या कोपऱ्याकडे गेला, आणि नळावर आदळला.

मशिनचा पंखा बंद होता. डेपोतून गाडी लागल्याची घोषणा ऐकू येत होती.

“आबा, तिथं…” नीलम म्हणाली. घोटून ठेवलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिची तिलाच किळस आली. “मीच कापला,” ती म्हणाली. “नाव दिसत व्हतं. तरी कापला.”

हरिबांनी नळ दोन्ही हातांनी धरून हलवला. तो सैल होता, निघून आला. पत्र्याला वीतभर रुंदीचं गोल भोक होतं. त्यातून मागच्या गल्लीतलं ऊन आत आलं आणि त्यांच्या सदऱ्यावर पडलं. त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, एक पुरा फेरा.

“गोल कशानं काढलास?”

नीलमने भोकाकडे पाहिलं.

“मधी खिळा ठोकून. सुतळीनं.”

“दोनदा फिरवून?”

“व्हय. तुमी शिकवलंत तसंच.”

ते कडेकडे पाहत राहिले. एखादी पाटी पुरी झाल्यावर चार पावलं मागे जाऊन पाहत, तसे दोन पावलं मागेही झाले.

“बराबर आलाय,” ते म्हणाले.

नीलमला रडू आलं नाही. आलं असतं तर तोंड लपवायला निमित्त तरी मिळालं असतं. ती तशीच उभी राहिली, हात लोंबते सोडून.

हरिबांनी काजळीने काळी झालेली टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि खिळे कुठे कुठे आहेत ते चाचपायला लागले.

“पक्कड आण,” ते म्हणाले. “बाहेर उजेडात घेऊ. गौतमीला फोटू धाडायचाय.”

तिने पक्कड आणली, एकेक करून खिळे उपसले. पत्रा खिडकीतून सुटला. हरिबांनी अक्षरांची बाजू उचलली.

“धर तिकडनं.”

नीलमने भोकाची बाजू धरली.