दूध नाही ना?

पोटात नळी बसवायच्या आदल्या दिवशी ताईनं छोटीकडे हट्ट धरला, "मला डिमसम खायचेत. त्या चायनीज हॉटेलातले."

छोटीला ते दोन-तीनदा विचारून घ्यावं लागलं. ताईचं बोलणं आता फक्त तिलाच कळायचं, आणि तेही धड नाही.

"वेड लागलंय का तुला? साधा भात गिळताना जीव टांगणीला लागतो. डिमसमची ती मोदकासारखी चिकट पारी घशात बसली म्हणजे?"

ताई उठली, भिंतीला धरत खुंटीपर्यंत गेली आणि कोट घालायला लागली. विषय संपला.

ताईनं जन्मभर मुलांना पोहायला शिकवलं. तलावाच्या या टोकाला उभी राहून ती ओरडली की त्या टोकाच्या मुलाचे पाय आपोआप सरळ व्हायचे. शिट्टी तिच्या गळ्यात नुसती शोभेला असायची. मग एका वर्षी तिचे शब्द घसरायला लागले. तलावावर कुजबुज सुरू झाली, की कोचबाई हल्ली दुपारीच पिऊन येतात. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, आणि मग डॉक्टरकडे गेली. आजार नसांचा निघाला. आधी जीभ, मग घसा, मग हात, शेवटी श्वास, असा क्रम डॉक्टरांनी सांगितला. औषध विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

छोटीचं औषधांचं दुकान होतं. डोक्याचे सगळे केस पांढरे झाले तरी घरीदारी तिला छोटीच म्हणत. आईवडील गेल्यावर ताईला तीच एक, आणि ताईनं लग्न केलेलं नसल्यामुळे आजारपणात हाकेला यायलाही तीच एक.

दोघींचं पटायचं, पण एका गोष्टीवरून कायम खटके उडायचे. फार वर्षांपूर्वी ताई मुलांना घेऊन कुठल्याशा स्पर्धेला गेली होती. वाटेत त्यांची बस एका गोठ्यापाशी बंद पडली. तिथून ट्रकमधून वासरं नेत होते आणि मागे गाई हंबरत होत्या. बस दुरुस्त होईपर्यंत ताई ते ऐकत बसली. घरी आली आणि तिनं दूध सोडलं. मांस-मासे आधीपासूनच नव्हते, आता दही, तूप, लोणी, अंडी, मध, सगळं गेलं. तिनं कुणाला उपदेश केला नाही, पण स्वतःच्या ताटाबाबत एक इंच मागे हटली नाही.

छोटीला ते नाटक वाटायचं. "चमचाभर तुपानं काय आभाळ कोसळणार आहे?" ती घरच्या प्रत्येक कार्याला विचारायची. छोटीचा नवरा म्हणायचा, "मेव्हणीबाई येणार म्हणून मी आज लॉनवरचं गवत कापलं नाही." सगळे हसायचे. ताईही हसायची आणि कोरडा भात चिवडत बसायची. एकदा तर छोटीनं डाळीला गुपचूप तुपाची फोडणी दिली होती. ताईनं वास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

ते चायनीज हॉटेल ताईला तलावावरच्या कुणीतरी दाखवलं होतं. तिथल्या मेनूकार्डात डिमसमचं एक अख्खं पान असं होतं, की ज्यात दूध, अंडं, काहीच नाही. बाकी कुठेही गेली तरी ताईला स्वयंपाक्याला बोलावून उलटतपासणी घ्यावी लागायची. इथे नुसतं बोट ठेवायचं.

दुपारची गर्दी ओसरल्यावर दोघी पोचल्या. मालकीणबाईंनी ताईला ओळखलं. "किती दिवसांनी आलात! बारीक झालात हो," त्या म्हणाल्या. ताई काहीतरी बोलली. मालकीणबाईंना कळलं नाही, त्यांनी गोंधळून छोटीकडे बघितलं.

"तिच्या घशाला त्रास आहे," छोटी म्हणाली. "मऊ काय आहे?"

"सगळंच वाफेवरचं आहे. मशरूमचं घ्या, पालक-टोफूचं घ्या. मक्याचं नको, दाणे लागतील."

ताईनं मात्र पानावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तेच बोट शेवटच्या ओळीपर्यंत खाली आणलं.

"सगळे?" मालकीणबाई म्हणाल्या.

ताईनं मान हलवली.

बांबूच्या टोपल्या आल्या. झाकणं उघडली तशी वाफ दोघींच्या मधे उभी राहिली. पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या पारीतून आतला पालक हिरवा दिसत होता, दुसरीत मशरूमचा काळा रस उतरला होता. बिनदुधाचा चहाही आला. छोटीनं पर्समधून पावडरीची पुडी काढून तो चहा खळीसारखा घट्ट केला, कारण पातळ काहीही ताईच्या श्वासनळीत जायचं. ताईनं त्या कपाकडे बघून तोंड वाकडं केलं.

"माहितीय गं," छोटी म्हणाली. "पण ठसका लागण्यापेक्षा बरं."

छोटीनं चमच्यानं एक डिमसम फोडला, आतलं सारण काढलं आणि पारी बाजूला ठेवली. ताईनं चमचा तिच्या हातातून घेतला. तिनं पारी पुन्हा सारणावर ओढली, अर्धा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

"हनुवटी खाली," छोटी म्हणाली. "सावकाश. आता गिळ. परत गिळ."

ताईनं डोळे मिटून गिळलं. खूप वेळ लागला. मग ती हसली. आजारानं तिचं हसू एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण हसली.

पालक झालं, मशरूम झालं. छोटीनंही एक खाल्लं. इतक्या वर्षांत ताईच्या या हॉटेलात ती पहिल्यांदाच आली होती. आलं आणि तिळाच्या तेलाचा वास नाकात भरला, आणि आपण आधी कधी का आलो नाही, हे काही तिला सांगता येईना.

"छान आहे गं," ती म्हणाली.

ताईनं भुवया उंचावल्या. मग चमचा खाली ठेवून विचारलं, "उद्या... नळीतून... काय घालणार?"

"पातळ अन्न. डब्यात तयार मिळतं."

"दूध नाही ना?"

छोटीला त्या प्रश्नाची धास्ती होतीच. डब्यातलं ते अन्न दुधापासूनच करतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्याच दुकानात डबे होते. सोयाचं म्हणून एक यायचं, त्यासाठी ती दोन आठवडे फोन करत होती. सकाळीच पुरवठादारानं सांगितलं होतं, की ते आता बंद झालं, कुठेच मिळणार नाही.

"नाही," छोटी म्हणाली. "सोयाचं मागवलंय मी."

ताईनं तिचा हात दाबला. दाबला म्हणजे नुसता हातावर हात ठेवला. दाबायची ताकद कुठे होती.

मग ताईनं नुसत्या टोफूचा डिमसम उचलला आणि या वेळी अख्खा तोंडात घातला. छोटी "अगं" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. ताईचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. खोकलाही येईना, नुसता घुर्र घुर्र आवाज. छोटीनं खुर्ची ढकलून तिला पुढे वाकवलं आणि पाठीवर जोरात थापा मारल्या. पलीकडच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबली. मालकीणबाई धावत आल्या. शेवटी तो पांढरा गोळा टेबलावर पडला. ताई हुंदके दिल्यासारखा श्वास घेत राहिली.

छोटीनं तिचं तोंड पुसलं, गळपट्टा पुसला, टेबल पुसलं. ताईनं पुन्हा टोपलीकडे हात नेला.

"पुरे," छोटी म्हणाली. "पुरे झालं ताई. माझ्यात ताकद नाही."

ताईनं हात मागे घेतला. उरलेले डिमसम मालकीणबाई बांधून देत होत्या, पण छोटीनं नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नळी बसली. त्यात काही अडचण आली नाही. संध्याकाळी नर्स डबा घेऊन आली आणि सलाइनसारखी पिशवी भरायला लागली. बाई मनमोकळी होती, हात चालवता चालवता बोलत होती. "घाबरायचं काही नाही बरं का मावशी. पचायला अगदी हलकं. दुधाचंच असतं, लहान बाळाला देतो ना, तसं."

ताईनं छोटीकडे बघितलं.

नर्सनं नळीचा चाप उघडला. पिवळसर धार हळूहळू ताईच्या चादरीखाली गेली. ताई बघत राहिली, आधी छोटीकडे, मग त्या धारेकडे. पोटावरच्या ताज्या जखमेमुळे तिला कूसही बदलता येत नव्हती.

घरी आणल्यावर छोटीनं जिवाचं रान केलं. सोयाचं दूध, मुगाचं कढण, शेंगदाण्याची पातळ लापशी, सगळं वाटून, दोनदा गाळून नळीतून घातलं. ताईला समजावं म्हणून प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगायची, "हे मी केलंय. यात काही नाही." आठवड्याभरातच नळी तुंबली. पुन्हा दवाखाना, पुन्हा नवी नळी, वर ताप. वजन आणखी उतरलं.

डॉक्टर दोघींसमोर म्हणाले, "मॅडम, आता तत्त्वं जरा बाजूला ठेवा. त्यांच्या अंगात काही उरलेलं नाही."

तोवर ताईचं बोलणं पूर्ण गेलं होतं. छोटी अक्षरांचा तक्ता धरायची आणि ताई बोट ठेवायची. छोटीनं तक्ता समोर धरला आणि विचारलं, "काय करू? तू म्हणशील तसं."

ताईचं बोट बराच वेळ हवेत राहिलं. मग 'द'वर आलं, तिथून मात्रेवर. दे.

छोटीनं डबा फोडला. धार सुरू झाली तशी ताईनं डोळे मिटले. पुढे रोज, प्रत्येक डब्याच्या वेळी, ती डोळे मिटून घ्यायची आणि चाप बंद झाल्यावरच उघडायची. छोटी कधी तक्ता घेऊन जवळ बसायची. "ताई, रागावलीस का माझ्यावर?" ताई तिच्याकडे बघायची. बोट चादरीवरच असायचं.

बोट हलायचं थांबलं तेव्हा छोटीनं तक्ता कपाटावर टाकला. त्यानंतर ताई फार दिवस राहिली नाही. एका दुपारी छोटी दुकानातून येईपर्यंत सगळं संपलं होतं. सोबतीला शेजारी बसवलेल्या बाईंनाही कळलं नव्हतं.

माणसं भेटायला आली. छोटीचा नवरा एका संध्याकाळी म्हणाला, "सुटली बिचारी."

"मी तिला खोटं सांगितलं होतं," छोटी म्हणाली. "दूध नाही म्हणून."

"तिच्या भल्यासाठीच ना?"

"कसलं भलं! मला त्या टेबलावर वाद नको होता. म्हणून सांगितलं."

त्यानं उगाच पडदा सारखा केला आणि तो आत गेला.

खाटेखाली बरेच डबे उरले होते. ते दुकानात ठेवणं छोटीच्या जिवावर आलं. तिनं ते खोक्यात भरले आणि दवाखान्यात त्याच वॉर्डात नेऊन दिले. नर्सनं ते लगेच पलीकडच्या खाटेपाशी ठेवले. तिथे एक बाई निपचित पडली होती आणि तिचा नवरा तिच्या नव्या कोऱ्या नळीचं टोक हातात धरून उभा होता. कालच बसवली होती म्हणे. त्याला काहीच येत नव्हतं. छोटीनं त्याला दाखवलं: उशी उंच ठेवायची, धार बारीक ठेवायची, आधी आणि नंतर कोमट पाणी सोडायचं.

त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग हळू आवाजात विचारलं, "यानं बरं वाटेल ना हो तिला?"

"पोट भरेल," छोटी म्हणाली आणि रिकामं खोकं उचलून निघाली.