चौदा नंबरचा उंदीर

व्रताचा तिसरा दिवस होता आणि चौदा नंबरचा उंदीर सुटत नव्हता.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांना खाणंपाणी करणं, पिंजरे धुणं आणि वेळ आली की त्यांना वायूच्या पेटीत शांतपणे संपवणं, हे यशवंतचं काम. माणूस पार्से गावचा, साधा. देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसणार, आणि बुवांचा गळा दाटायच्या आधी याचे डोळे भरणार.

वैशाखात तो लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त म्हणून शिरगावच्या जत्रेला जायचा. पाच दिवस सोवळं, वेगळं शिजवलेलं जेवण, आणि शेवटी होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालणं. या दिवसांत मुंगीलाही मारायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. मारलं तर त्या वर्षी निखारे नाहीत. यंदाचं चालणं त्यानं लेकीसाठी बोललं होतं. तेरा वर्षांच्या गौरवीचे डोळे पिवळे पडलेले, चार पायऱ्या चढली की धाप लागायची, डाव्या बरगडीखाली प्लीहा फुगलेली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख शालिनी मॅडमनी त्याला या आजाराचं जे समजावलं होतं, ते त्यानं लेकीला बुवांच्या थाटात सांगितलं होतं.

"बाय, रक्तातली तांबडी पेशी म्हणजे वेताची पाटी. आतून वीण आसा म्हणान ती दबता, वाकता, बारीक शिरेतसून पार जाता. वीण सुटली की तिचो जाता गोटो. गोटो प्लीहेत अडाकता आणि फुटता."

"मगे उंदरांक कित्याक छळतत?"

"वीण घालपी एक जनूक आसा. तो काढून बघतत, काय काय सुटता तां. तसां त्याचां काम कळता. तुझो तोच जनूक कच्चो, त्यांचो तर पुरोच काढलेलो."

व्रतापुरतं उंदीर मारायचं काम सर्वेशनं करायचं, असा ठराव त्यानं कामावरच्या या जोडीदाराशी केला होता. "पाच दीस तुमचां पाप माझ्या माथ्यार," सर्वेश हसला होता. "पण व्रत सुटला की माका गावठी कोंबो खावूक घालूचो!"

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वेशची स्कूटर घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये.

दुपारी यशवंतनं पिंजरा उघडला. पांढऱ्या उंदराचे कान कागदासारखे फिके, पंजे हळदीनं माखल्यासारखे. पाण्याच्या नळीपर्यंतही त्याला जाता येईना. तळहातावर घेतला, तर काळीज एवढं धावत होतं की ठोके मोजता येत नव्हते. अशा जनावराला त्याच दिवशी संपवायचं, हा नियम भिंतीवर लावलेला होता.

मॅडम पुण्याला होत्या. त्यानं फोन केला.

"यशवंत, वाट पाहू नका. आता औषध नाही त्याला."

"मॅडम, माझां व्रत..."

"ठाऊक आहे मला. गौरवीसाठी आहे, तेही. मी उद्या संध्याकाळी येते. तोवर तो तसाच राहणार, एवढंच सांगते."

कीर्तनात देव परीक्षेला येतो तेव्हा समोर बसलेल्या सगळ्यांना ते आधीच कळलेलं असतं. ज्याची परीक्षा, त्याला मात्र नाही. यशवंतनं मऊ खाऊ भिजवून उंदराच्या तोंडाशी ठेवला, खाली कापूस घातला, हात जोडले. आई, ह्याका आपसूक ने. आणि तो घरी गेला.

चौथ्या दिवशी सकाळी उंदीर जिवंत होता. खाऊ तसाच. कापूस ओला. मान वर करून तो तोंडानं हवा ओढत होता. प्रत्येक श्वासाला अख्खं अंग उचललं जायचं. गौरवी झोपेत अशीच मान वर करायची.

यशवंतनं त्याला पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि वायूची चावी फिरवली. अंग थांबेपर्यंत समोरून हलला नाही. मग पोट उघडून प्लीहा काढली. निरोगी उंदराच्या कितीतरी पट मोठी, काळपट. वजन लिहिलं.

घरी आला तो अंघोळ न करता माजघरात बसला. बायको शांता दारातच थबकली.

"आज सगळ्यांत बसलात? सोवळां खंय गेला?"

"मोडलां. निखाऱ्यांवयल्यान जावचंय नाय यंदा."

त्यानं सगळं सांगितलं. शांता खाली बसली. "एका उंदरासाठी? माझ्या चेडवाचो जीव उंदरापरास हलको झालो तुमका?"

भिंतीला टेकून गौरवी ऐकत होती. शिरगावला जायला धुऊन ठेवलेला झगा तिच्या मांडीवर होता.

"बाबा, काल दुपारी कळलेलां मां तुका? तो असो झालो तां?"

"होय गो."

"मगे काल कित्याक मारूक नाय?"

"तुझ्यासाठी, बाय. तुझो नवस..."

"रातभर त्याका तसो ठेवलंस, माझ्या नावान?"

तिला धाप लागली. शांता पाठीवरून हात फिरवायला उठली, तर तिनं तो हात बाजूला केला. श्वास परत येईपर्यंत ती बापाकडे बघत राहिली, आणि यशवंतला मान खाली घालता येईना.